कागदावरचे दान : बिटकॉइनच्या भेटपाकिटांचा इतिहास

डिसेंबर २०१३. नाताळ तोंडावर आलेला. न्यूयॉर्कहून प्रक्षेपित होणाऱ्या ब्लूमबर्ग दूरचित्रवाहिनीवर मॅट मिलर हा निवेदक 'बिटकॉइनचे बारा दिवस' अशा अर्थाच्या नावाची एक छोटी मालिका सादर करीत होता. तिच्या एका भागात त्याने आपल्या दोघा सहनिवेदकांना भेट म्हणून एकेक छापील कागद दिला. प्रत्येक कागदात वीस डॉलर मोलाचे बिटकॉइन होते. भेट हाती आल्यावर कोणीही करील तेच त्यांतल्या एकाने केले. कागद उलगडला आणि कौतुकाने कॅमेऱ्यासमोर धरला. काही सेकंद, फार तर दहा. तेवढ्यात घरी बसलेल्या एका प्रेक्षकाने आपला मोबाईल दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर धरून कागदावरचा चौकटीचौकटींचा क्यूआर कोड टिपला आणि वीस डॉलर आपल्याकडे वळवून घेतले. कागद मात्र सहनिवेदकाच्या हातात जसाच्या तसा राहिला. तो न फाटला, न हरवला, न कोणी हिसकावला. त्या प्रेक्षकाने पुढे आपण होऊन हा प्रकार आंतरजालावर सांगितला आणि पैसे परत देण्याची तयारीही दाखवली.

प्रसंग विनोदी आहे आणि तेव्हा तो विनोद म्हणूनच सांगितला गेला. आम्हां साहित्याच्या अध्यापकांना त्यात वेगळेच काही दिसते. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातात असते, तरी ती त्याची नसते. आणि ज्याने ती केवळ 'वाचली' त्याची ती होते. वाचन हेच जेथे हरण ठरते असा कागद मनुष्याने कशासाठी निर्माण केला, तो भेट म्हणून छापण्या-विकण्याचा व्यवसाय कसा उभा राहिला आणि का मावळला, याचा हा धांडोळा.

प्रथम वस्तूचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे, कारण नावात फसवणूक आहे. 'पेपर वॉलेट' म्हणजे कागदी पाकीट. पण या पाकिटात पैसा नसतो. बिटकॉइनचा सगळा पैसा एका सार्वजनिक खतावणीत असतो. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने (वा व्यक्तींनी) ३१ ऑक्टोबर २००८ रोजी तिचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिचे पहिले पान लिहिले गेले. या खतावणीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे हे कोणालाही पाहता येते. ती हलवता मात्र त्यालाच येते, ज्याच्याकडे त्या पत्त्याची 'प्रायव्हेट की' म्हणजे गुप्त किल्ली आहे. ही किल्ली म्हणजे दुसरे काही नसून एक प्रचंड संख्या असते. दशमान पद्धतीने लिहिली तर अठ्ठ्याहत्तर अंकांपर्यंत जाणारी. कागदी पाकिटावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक तो पत्ता, जो जगाला दाखवायचा. दुसरी ती किल्ली, जी कोणालाच दाखवायची नाही. बस्स, एवढेच.

ती संख्या कागदावर उतरवताना तिला अक्षरांचे रूप देतात. जुन्या रीतीची किल्ली एक्कावन्न अक्षरांची असे. त्यासाठी जी वर्णमाला निवडली गेली तीत रोमन लिपीतील अक्षरे आणि अंक मिळून अठ्ठावन्नच चिन्हे आहेत. शून्य आणि मोठा 'ओ', मोठा 'आय' आणि छोटा 'एल' ही एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे मुद्दाम गाळली आहेत. 'ख' हे अक्षर 'रव' असे वाचले जाऊ नये म्हणून आपल्या लिपीसुधारकांनी त्याचे पाय जुळवले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या योजनेमागची चिंता वेगळी समजावून सांगायला नको. हाताने उतरवून घेणाऱ्याचा विचार करणारी ही वर्णमाला आहे. संगणकाच्या पोटी जन्मलेल्या या पैशाला आरंभापासूनच कागदाची अपेक्षा होती, असे म्हणावयास जागा आहे.

आता कागदाच्याच दुसऱ्या एका इतिहासाकडे वळू. कारण त्याच्याशी जोडून पाहिल्याखेरीज हे भेटपाकीट समजत नाही. अमेरिकेत मुलांना, नातवंडांना सरकारी बचतरोखे भेट देण्याची चाल जुनी. १९३५ साली हे रोखे सुरू झाले आणि महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, घरोघर पोहोचले. पुढच्या काळात रोख्यावर शंभर डॉलर छापलेले असत आणि तो पन्नासाला मिळे. आजोबांनी बँकेत जाऊन तो आणावा, वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात घालावा, नातवाने कंटाळून बाजूला ठेवावा आणि वीस वर्षांनी आठवणीने काढावा, असा त्याचा क्रम. १ जानेवारी २०१२ पासून अमेरिकी अर्थखात्याने बँकांमधून कागदी रोख्यांची विक्री बंद केली. पुढे रोखे संगणकावरच घ्यावयाचे ठरले आणि भेट देणाऱ्यांसाठी घरी छापून घेता येईल असे एक शोभेचे प्रमाणपत्र ठेवण्यात आले. डिस्ने कंपनीचे समभागपत्रही असेच भेट म्हणून, चौकटीत बसवून, मुलांच्या खोलीत लावले जाई. त्यावर कंपनीची लाडकी चित्रपात्रे असत. तेही २०१३ साली थांबले. थोडक्यात, ज्या दोन-तीन वर्षांत बचतीचा कागद सरकार आणि कंपन्या यांनी काढून घेतला, नेमक्या त्याच वर्षांत जगातल्या सर्वांत कागदविरहित पैशाचे उपासक छपाईयंत्रापुढे रांग लावून उभे होते. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असा आमचा दावा नाही. तथापि भेट म्हणून देण्याजोगे, पाकिटात घालता येईल असे, दिसणारे-लागणारे काहीतरी हवे, ही भूक तीच होती.

तिचा पहिला व्यापारी आविष्कार २०११ साली 'बिटबिल्स' या नावाने झाला. हे प्लास्टिकचे कार्ड होते. किल्ली आतल्या थरात दडवलेली, कार्ड फोडल्याखेरीज दिसू नये अशी. एक, पाच, दहा, वीस बिटकॉइन अशा दर्शनी किमती. हा उद्योग फार टिकला नाही. त्याच वर्षी 'बिटअ‍ॅड्रेस' हे संकेतस्थळ निघाले आणि त्याने काम कोणालाही घरी करता येईल इतके सोपे करून टाकले. पान उघडले की ते सांगते, माउस वाटेल तसा फिरवा. त्या अर्थहीन हालचालींतून यदृच्छेचा कच्चा माल गोळा होतो, त्यातून किल्ली घडते, आणि वेलबुट्टीच्या चौकटीत ती छापून मिळते. सगळी घडामोड आपल्याच संगणकावर होते; पान उतरवून घ्यावे, आंतरजालाची जोडणी तोडावी आणि मगच किल्ली करावी, असा जाणत्यांचा सल्ला. आम्ही विभागातल्या संगणकावर असे एक पाकीट करून पाहिले. अर्थात रिकामे. माउस फिरवताना आपण काही करतो आहोत असे वाटत नाही, आणि जे निघते ते याआधी जगात कोणाकडे नव्हते आणि पुढेही योगायोगाने कोणाला सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य, हे बुद्धीला पटूनही मनाला पटत नाही. कविता सुचण्याविषयी वर्गात आपण जे बोलतो ते आठवून थोडे ओशाळायलाही झाले.

याच संकेतस्थळावर 'ब्रेन वॉलेट' नावाचीही एक सोय होती, तिचा उल्लेख या व्यासपीठावर अगत्याने केला पाहिजे. तीत माउसऐवजी एखादे वाक्य द्यायचे आणि त्यापासून किल्ली घडवायची. अनेकांनी आवडत्या कवितेची ओळ दिली, ग्रंथातले वचन दिले, गाण्याचे ध्रुपद दिले. चोरांनी संगणकाला वाङ्मयच चारले आणि असल्या किल्ल्या भराभर उघडल्या. २०१५ साली लास व्हेगासच्या 'डेफकॉन' परिषदेत हे काम किती वेगाने होते त्याचे प्रात्यक्षिकही झाले. आपल्याला जी ओळ अगदी स्वतःची वाटते ती इतर हजारोंनाही तशीच वाटत असते. चांगल्या कवितेची थोरवी ती हीच, आणि किल्ली म्हणून तिची अपात्रताही हीच.

भेटवस्तूच्या इतिहासात खरा मान आहे तो मात्र माइक कॉल्डवेल या अमेरिकी गृहस्थाच्या 'कॅसॅशिअस' नाण्यांना. यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळच्या सँडी गावी राहणाऱ्या या माणसाने २०११ साली पितळी नाणी पाडून घ्यायला आरंभ केला. नाण्याच्या मागे होलोग्रामची गोल चिकटपट्टी, तिच्याखाली इवल्याशा कागदावर छापलेली किल्ली. म्हणजे धातूच्या पोटात पुन्हा कागदी पाकीटच! ग्राहकाने आपल्याकडचे बिटकॉइन त्याला पाठवावे आणि त्याने ते नाण्यात 'घालून' टपालाने परत धाडावे, असा व्यवहार. चिकटपट्टी सोलली की खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते. नाणे उघडले गेले हे लपत नाही. पहिल्या खेपेच्या होलोग्रामवर खुद्द नाण्याच्या नावातच एक अक्षर गळले. ज्यांनी हस्तलिखितांच्या पाठभेदांवर काम केले आहे त्यांना सांगायला नको की, त्या चुकीच्या नाण्यांनाच संग्राहकांत पुढे अधिक भाव आला. सर्व प्रकारची मिळून सुमारे २८ हजार नाणी आणि पट्ट्या निघाल्या, त्यांत एकूण नव्वद हजारांहून अधिक बिटकॉइन होते. पितळेची एका बिटकॉइनची होती, तशी सोन्याची हजार बिटकॉइनचीही. आरंभी या साऱ्याला खेळण्याहून अधिक किंमत नव्हती. २०१२ च्या डिसेंबरात एक बिटकॉइन तेरा-चौदा डॉलरला मिळे. म्हणजे वाढदिवसाला एखादे पुस्तक देण्याइतकाच तो खर्च होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये बिटकॉइनचा भाव प्रथमच हजार डॉलरांवर गेला आणि त्याच महिन्यात कॉल्डवेलला 'फिनसेन'चे पत्र आले. अमेरिकी अर्थखात्याची ही शाखा आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवते. तिच्या मते तो नाणी विकत नव्हता, पैसा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवत होता. म्हणून त्याने तशी नोंदणी केली पाहिजे होती. कॉल्डवेलने भरलेली नाणी विकणे थांबवले. यानंतर या धंद्यात एक स्पष्ट रेघ ओढली गेली. रिकामा कागद, चौकट, चिकटपट्टी विकणारा तो कारागीर. त्यात रक्कम भरून विकणारा तो सावकार. भेटवस्तूंचे बहुतेक विक्रेते मुकाट्याने रेघेच्या अलीकडे आले. रक्कम ग्राहकाने स्वतः भरावी, आम्ही फक्त पाकीट देतो, अशी भाषा सुरू झाली.

अलीकडच्या या बाजूस जे काम झाले त्यात कॅन्टन बेकर याची रचना आम्हांला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. २०१३ पासून त्याने 'बिटकॉइन पेपर वॉलेट' नावाने तीन घड्यांचे एक पाकीट प्रसृत केले. नमुना फुकट, छापून कापायचा, घडी घालायची, किल्लीचा भाग आत दडवायचा आणि वर क्रमांक असलेली होलोग्रामची पट्टी लावायची. पैसे मोजून घ्यायचे ते या पट्ट्यांचे. अंडे दिव्यासमोर धरून आतले पाहतात तसा हा कागद उजेडात धरून कोणी किल्ली वाचील, ही शक्यता त्याने गृहीत धरली होती; त्यासाठी किल्लीच्या मागे दाट नक्षी छापण्याची योजना होती. शाईच्या फवाऱ्याचे छपाईयंत्र नको, पाण्याने अक्षर फुटते. कार्यालयातले सामाईक यंत्र तर नकोच, कारण यंत्राला स्मरणशक्ती असते. ही सारी पथ्ये वाचताना पोथी लिहिणाऱ्या लेखकूंच्या शेवटच्या विनवण्या आठवतात, ज्यांत तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथ राखण्याचे मागणे असते.

या पाकिटांचे रूप जवळजवळ नेहमी चलनी नोटेचे असे. कडेला वेलबुट्टी, बारीक रेषांची जाळी, मध्ये मोहोर, कोपऱ्यात आकडा. ज्या पैशाला राजा नको, टांकसाळ नको, रिझर्व्ह बँक नको, त्याने भेट होताना मात्र राजाचाच पोशाख भाड्याने आणला! याला आम्ही निव्वळ अनुकरण म्हणणार नाही. आपल्या नोटेवर गव्हर्नरची सही आणि धारकाला रक्कम देण्याचे वचन असते. कागदी पाकिटावर सही नसते, वचनही नसते, कारण वचन देणारे कोणी नसतेच. ती रिकामी जागा नक्षीने भरून काढावी लागली.

येथे आम्ही मूळ प्रश्नाशी येतो. भेट म्हणजे काय? आपल्या धर्मशास्त्राने दानाची व्याख्या करताना दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. वस्तूवरचे आपले स्वत्व संपले पाहिजे आणि दुसऱ्याचे स्वत्व निर्माण झाले पाहिजे. पहिली पायरी नसेल तर दुसरी होत नाही. आता कागदी पाकीट पाहा. ज्याने ते छापले त्याने किल्ली पाहिलेली असते. निदान पाहू शकला असता. मामाने भाचीला पाकीट दिले, तिने ते जपून कपाटात ठेवले, तरी मामाच्या संगणकात किल्लीची प्रत असली तर पैसा दोघांचा आहे, किंबहुना जो आधी हलवील त्याचा आहे. 'न मम' म्हणण्याची सोयच या वस्तूत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात असे मांडले होते की, दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश राहतो आणि तो परतफेडीची ओढ लावतो. मोसला तो अंश आत्मिक अर्थाने अभिप्रेत होता. येथे तो अक्षरशः खरा झाला आहे.

विकत घेतलेल्या पाकिटात तर तीन माणसे गुंततात, करणारा, देणारा आणि घेणारा. कॉल्डवेल आपण किल्ल्यांच्या प्रती नष्ट करतो असे सांगे आणि लोक विश्वास ठेवीत. त्या विश्वासाला तडा गेल्याचे ऐकिवात नाही, हे त्याच्या सचोटीचे प्रमाणपत्र आहे. पण मध्यस्थावर विश्वास ठेवण्याची गरजच उरू नये म्हणून ज्या पैशाचा जन्म झाला, त्याची सर्वांत आवडती भेटवस्तू एका गावातल्या एका माणसाच्या सचोटीवर उभी होती. त्याला स्वतःला हे टोचत असावे असे आम्हांला वाटते. कारण २०१२ च्या अखेरीस त्याने 'बीआयपी ३८' हा प्रस्ताव मांडला. त्यानुसार ग्राहकाने आपल्या गुप्त शब्दापासून काढलेला एक संकेत कारागिराला द्यायचा आणि कारागिराने तो वापरून पाकीट घडवायचे. शब्द कारागिराला कळत नाही, म्हणून त्याने केलेले पाकीट त्यालाच उघडता येत नाही. कुलूप घडवणाऱ्याने स्वतःलाच बाहेर ठेवण्याची केलेली ही तजवीज. होलोग्रामवर मात्र अखेरचा भरवसा ठेवता आला नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डेफकॉन परिषदेतच काहींनी सुईने द्रावक सोडून चिकटपट्टी अलगद उचलून आणि पुन्हा बसवून दाखवली.

आपल्याकडच्या हुंडीशी ताडून पाहिल्यास या कागदाचे एकाकीपण अधिक उठून दिसते. धनीजोग हुंडी ज्याच्या हाती असेल त्याला पैसे मिळत. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, म्हणजे चोराला तो कागद सहजी वटवता येत नसे. रक्कम लिहिताना तिची निम्मी रक्कम सांगून तिचे दुप्पट असे पुन्हा लिहायचे, की खाडाखोडीला वाव राहू नये. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहून मिळे, पेठही गहाळ झाली तर परपेठ. पैसे चुकते झाले की त्या हुंडीला खोका म्हणत. कागदाच्या प्रत्येक अवस्थेला नाव होते, कारण प्रत्येक अवस्थेत कोणीतरी माणूस जबाबदार होता. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतल्या अशा संलेखांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. कागदी पाकिटाला पेठ नाही. वाळवीने खाल्ले, पाण्यात भिजले, रद्दीत गेले, की ती रक्कम खतावणीत जगाला दिसत राहते आणि कोणाचीही नसते. एवढेच नव्हे, तर त्याला खोकाही नाही. पैसे काढून घेतलेला कागद आणि भरलेला कागद नुसत्या डोळ्यांना एकच दिसतात. ब्लूमबर्गच्या त्या सहनिवेदकाच्या हातात शेवटी राहिला तो असा निनावी खोका.

घेणाऱ्याच्या बाजूने आणखीही अडचणी होत्या, आणि हा धंदा मावळायला त्याच अधिक कारण झाल्या असे आमचे मत आहे. भेट घेणारा बहुधा नवखा. पाकिटातली थोडी रक्कम खर्चताना उरलेली मोड आपोआप त्याच पत्त्यावर परत येते असे त्याला वाटे. कित्येक जुन्या प्रणालींत ती दुसऱ्याच पत्त्यावर जाई आणि कागद राखून ठेवून संगणक पुसून टाकणारा माणूस मोडीला मुके. डिसेंबर २०१७ मध्ये भाव वीस हजार डॉलरांच्या घरात पोहोचला तेव्हा एका व्यवहाराचे सरासरी शुल्क पन्नास डॉलरांहून अधिक झाले होते. म्हणजे वीस डॉलरची जुनी भेट हलवायला पन्नास डॉलर. याच वर्षी ऑगस्टमध्ये 'बिटकॉइन कॅश' ही शाखा फुटली आणि त्याआधी भरलेल्या प्रत्येक कागदात एकाच किल्लीने उघडणारी दुसरीही ठेव निर्माण झाली. घरात पडून असलेल्या भेटीला कोंब फुटावा तशी. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांच्या कपाटात ती आजही तशीच असेल.

शेवटचा आघात छपाईच्या संकेतस्थळांनीच केला. 'वॉलेटजनरेटर' हे असेच एक लोकप्रिय संकेतस्थळ. त्यावर नाना चलनांची रंगीत पाकिटे छापून मिळत. मे २०१९ मध्ये 'मायक्रिप्टो' या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, तेथे प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली जाहीर केलेल्या आज्ञावलीहून निराळी आहे. एका बैठकीत हजार किल्ल्या मागितल्या तर वेगळ्या अशा १२०च निघत होत्या. जगात दुसरीकडे नसेल अशी संख्या देण्याचे ज्याचे काम, तो एकच किल्ली अनेकांच्या हाती देत होता. नक्षी सुंदर होती, घडी नीट बसत होती, पाकीट उघडे होते.

तोवर जाणकारांनी कागदाला रामराम ठोकला होता. २०१३ साली 'बीआयपी ३९' या प्रस्तावाने किल्लीला शब्दांचे रूप दिले. २०४८ शब्दांच्या ठरीव यादीतून बारा वा चोवीस शब्द, क्रमाने. इंग्रजी यादीत कोणत्याही शब्दाची पहिली चार अक्षरे दुसऱ्या शब्दाशी जुळत नाहीत. अधिकृत याद्या जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, झेक, पोर्तुगीज भाषांत आहेत, चिनीच्या दोन्ही लिप्यांत आहेत. भारतीय भाषांपैकी एकीतही नाही. मराठीत करायची झाल्यास ऱ्हस्व-दीर्घाचे काय करायचे, सामान्यरूपाचा गोंधळ कसा टाळायचा, 'चार' आणि 'चारा' दोन्ही ठेवायचे का, हा भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाला देण्याजोगा उत्तम प्रकल्प आहे. भेटीच्या प्रश्नालाही २०१६ साली कॅनडातील 'कॉइनकाइट' कंपनीने 'ओपनडाइम' नावाच्या छोट्या यूएसबी कांडीने एक उत्तर दिले. किल्ली कांडीच्या आतच जन्मते. करणाऱ्याला, देणाऱ्याला, कोणालाही ती दिसत नाही. घेणाऱ्याने टाचणीने आतला एक भाग फोडला की मगच ती बाहेर येते. व्याख्येच्या दोन्ही पायऱ्या येथे पुऱ्या होतात. तिला कागदाची शोभा नाही, हे खरे.

भारतात ही पाकिटे कधी रुजली नाहीत. एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. २०२२ च्या वित्त कायद्याने नफ्यावर तीस टक्के कर बसवला आणि अशी भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली. नातलगांकडून आलेली भेट, लग्नातला आहेर आणि पन्नास हजारांपर्यंतची रक्कम एवढे वगळून. एक रुपयाचे नाणे चिकटवलेल्या आपल्या आहेराच्या पाकिटाला स्पर्धा उभी राहिली नाही.

कॅसॅशिअस नाण्यांचे पुढे काय झाले? हजारो नाणी आजही न सोललेली आहेत, आणि ती कोणती हे खतावणीत पाहता येते. जुन्या नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या अमेरिकी संस्था त्यांना पारदर्शक डबीत बंद करून क्रमांक देतात. २०२४ च्या डिसेंबरात बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरांवर गेला. २०१२ च्या नाताळात कोणी वीस डॉलरांची भेट दिली असेल तर तिचे दीड लाख डॉलर झाले. न सोललेल्या नाण्याला लिलावात आतल्या रकमेहूनही चढा भाव येतो. सोलले की रक्कम हाती येते, पण नाणे संपते. मालक ती वर्षानुवर्षे तशीच ठेवतात, आणि सँडी गावच्या त्या माणसाच्या शब्दावर अजून विसंबून असतात.

आपल्याकडे आंतरजालावरच्या दुकानांतून काही शे रुपयांना सोनेरी मुलाम्याचे एक 'बिटकॉइन' मिळते, प्लास्टिकच्या डबीसह. मोठा 'बी', भोवती विद्युतमंडलाच्या रेषा. वाढदिवसाला ते दिले जाते, आणि पेपरवेट म्हणून टेबलावर राहते. मागच्या बाजूला चिकटपट्टी नाही, पत्ता नाही, किल्ली नाही.